मॉन्टे कार्लोचं कार्पेट खालून पिवळं पडतंय, कापायचं कसं?

सुदामानगरी
नमस्कार मंडळी, इंदूरातले कोणी प्लांटेड टँकवाले (माशांच्या टाकीत जिवंत झाडं लावणारे) असाल तर जरा मदत करा. दोन फुटी टँक आहे, तळाला अॅक्वासॉइल म्हणजे झाडांची खास माती, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) चालू, लाईट आठ तास. मॉन्टे कार्लो, म्हणजे तळावर गालिच्यासारखं पसरणारं छोट्या पानांचं झाड, असं भरलंय की येणारा-जाणारा बघत उभा राहतो, पण काचेला नाक लावून कडेनं बघितलं की वरचा बोटभर थर हिरवा आणि त्याखाली नुसतं पिवळं-तपकिरी जाळं, मागच्या कोपऱ्यात तर अख्खी गादी सॉइल सोडून वर यायला लागलीये आणि कॉरी (तळाशी फिरणारे मासे) तिच्याखाली जाऊन बसतात. कापायला पाहिजे हे कळतंय, पण किती? सगळं एकदम की थोडं थोडं? आपलं नर्मदेचं पाणी जड आहे, गीझरमध्ये पांढरा थर धरतोच, त्यामुळे तर होत नसेल ना? आई म्हणते इतकं छान दिसतंय तर कशाला हात लावतोस.

रामबागकर
आईंना म्हणावं आत्ता हात नाही लावला तर एके दिवशी सगळं तरंगताना दिसेल. पाण्याचा काही दोष नाही रे, नर्मदेवरच्या जलूदहून येणाऱ्या याच पाण्यावर माझं मॉन्टे कार्लो वर्षानुवर्षं चाललंय. होतं काय की हे झाड स्वतःच्याच अंगावर चढत जातं, नवीन फांद्या जुन्यांवर, वरचा थर सगळा उजेड खाऊन टाकतो, खाली उजेड नाही आणि पाणीही फिरत नाही, मग खालची पानं मरतात आणि सॉइलला धरून ठेवणारी मुळं कुजली की गादी सुटते. त्यात कॉरी उकरतात आणि पानांवर ऑक्सिजनचे बुडबुडे अडकले की आणखी वर उचलली जाते.

आता कापायचं कसं. जिथे अजून मुळं धरून आहेत तिथे सॉइलपासून साधारण एक ते दीड सेंटीमीटर ठेवून बाकी सगळं उडव, घाबरू नको. कात्री वाकडी घे, वेव्ह कात्री म्हणतात ती, सरळ कात्रीनं हात सॉइलला टेकतो आणि मधे खड्डे पडतात. कापायच्या आधी फिल्टर बंद, नाहीतर सगळा कचरा इनटेकमध्ये जाऊन बसतो. तरंगलेले तुकडे जाळीनं काढ, खाली पडलेले सायफननं, आणि त्याच वेळी निम्मं पाणी बदल. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो म्हणून मी ट्रिमिंग नळाच्या दिवशीच ठेवतो, नाहीतर कापून बसायचं आणि बादलीत पाणी नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटीक्लोरीन विसरू नको.

जो कोपरा सुटलाय तो मात्र परत दाबून काही उपयोग नाही, दगड ठेवलास तरी खाली कुजतच राहणार. तेवढा उचलून बाहेर काढ, वरचा हिरवा भाग कापून घे, छोटे छोटे झुपके करून चिमट्यानं दोन-अडीच सेंटीमीटर अंतरावर खोल लाव, वर फक्त शेंडे दिसले पाहिजेत.

नेऑन_ताई
दादांचं बाकी सगळं पटलं पण एकदम सगळं कापायला माझा विरोध आहे. झाडं कमी झाली की सीओटू आणि खत खाणारं कोणी उरत नाही, लाईट मात्र तेवढाच, मग शेवाळ आलंच म्हणून समजा. त्यात कापलेली मुळं-पानं सडून अमोनिया वाढला तर श्रिंप (छोट्या कोळंब्या) आधी जातात. मी आज डावी बाजू कापते, ती फुटली की उजवी. आठवडाभर लाईट सहा तासांवर आणते आणि मासे वर येऊन तोंड मारताना दिसले तर लगेच सीओटू कमी करते.

आणि भर मे महिन्यात तर मुळीच नको. पाणी तापलं की त्यात गॅस कमी विरघळतो, ऑक्सिजन पण आणि सीओटू पण, कार्पेट तसंही दमलेलं असतं. मी झाकण काढून पाण्यावर एक छोटा पंखा लावते, दोन-तीन डिग्री सहज उतरतात, फक्त पाणी भराभर आटतं ते रोज भरत राहायचं.

रामबागकर
श्रिंप असतील तर ताई म्हणतात तसंच कर. पण याचा टँक दोन फुटी, श्रिंपचं नाव त्यानं घेतलेलं नाही, आणि खालचं जाळं इतकं पिवळं असेल तर अर्ध्याची वाट बघेपर्यंत उरलेलं अर्धं सुटेल. मी तरी एकदम कापीन आणि दोन दिवसांनी परत पाणी बदलीन.

सुदामानगरी
श्रिंप नाहीत, कॉरी आणि टेट्रा मासे आहेत. मग सुटलेला कोपरा आधी आणि बाकी एकदमच कापतो. कापल्यावर पिवळं जाळं वर दिसेल ना, ते किती दिवस तसंच राहतं?

रामबागकर
दिसेल, घाण दिसेल. खोडं जिवंत असतील तर एक-दोन आठवड्यांत हिरवे डोळे फुटतात, नाही फुटले तिथे झुपके लाव. नंतर परत इतकं माजू देऊ नको, दोन-तीन सेंटीमीटर झालं की कात्री.

विदाउट_सीओटू
मधेच घुसतो. माझ्याकडे सीओटू नाही, ड्वार्फ हेअरग्रास (बारीक गवतासारखं झाड) आहे, त्याला पण हेच लागू का?

नेऑन_ताई
हेअरग्रास असं वर उचललं जात नाही भिया, ते सॉइलच्या आतून रनर (आडव्या फांद्या) सोडतं. एक-दोन सेंटीमीटरवर सपाट काप, टोकं तपकिरी होतील ती होऊ दे, नवीन पाती खालून येतात. फक्त त्यात गाळ फार अडकतो, तो हातानं हलवत सायफन करायचा. सीओटूशिवाय सावकाश वाढेल, महिनोन्महिने कात्री लागणार पण नाही.

एक राहिलंच, दोघांनाही. कापलेला कचरा ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका, नाल्यात किंवा तळ्यात नको. मॉन्टे कार्लो तुकड्यातून फुटतं, आणि आपल्या सिरपूर तळ्याला 2022 मध्ये रामसरचा (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळालाय, तिथे आपली बाहेरची झाडं कशाला. चांगले हिरवे झुपके उरले तर मला द्या, माझा एक टँक रिकामाच आहे.