एअर प्लांटचा लाल रंग उतरला, रोप वाचेल का?

पानवेल:
माझ्याकडे टिलँडसिया आयोनान्था हे मातीशिवाय वाढणारं एअर प्लांट आहे. आणलं तेव्हा मधली पानं लालभडक होती आणि त्यांतून जांभळी फुलं डोकावत होती. आता फुलं सुकली, पानं हिरवी झाली, बुडाशी दोन बारीक कोंब आलेत. खोलीत आतल्या बाजूला, फडताळावर तांब्याच्या तारेने टांगलंय. रोज फवारा मारते. लाली परत येईल का?

खिडकीतली बाग:
ताई, आधी ती तार काढा. तांबं या रोपांना बाधतं. नायलॉनचा दोरा चालेल.

रोप मरत नाहीये. आयोनान्था फुलायच्या सुमारास लाल होतं आणि फुलं ओसरली की लाली उतरते. हे रोप आयुष्यात एकदाच फुलतं, पुढे सगळी ताकद फुटव्यांना देतं. तुमचे ते दोन कोंब म्हणजे फुटवेच (शेवटी अननसाच्या कुळातलं झाड आहे!). आईच्या निम्म्याएवढे झाल्याशिवाय तोडू नका. मी तर तोडतच नाही. सगळा झुबका एकदम फुलतो तेव्हा नजर हटत नाही.

आता पुढची लाली या फुटव्यांवर येईल, पण फडताळावरच्या अंधारात नाही. खिडकीजवळ भरपूर उजेडात ठेवा, काचेतून येणारं दुपारचं ऊन मात्र टाळा, पानं भाजतात.

शेवाळ:
आणि पाणी? माझ्या रोपाचं बूड काळं पडून मधली पानं हातात आली.

खिडकीतली बाग:
ती कूज. पाणी मधे साचून राहिलं की होते. पानांवर जी पांढरट लव दिसते ते बारीक खवले आहेत, पाणी तेच शोषतात. मुळं फक्त धरून ठेवायला. कोरड्या खोलीत नुसता फवारा पुरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास अख्खं रोप पाण्यात बुडवा, मग उलटं धरून झटका आणि वारा लागेल असं ठेवा. चारेक तासांत खडखडीत वाळलं पाहिजे. हे सगळं सकाळी करा. या रोपांची पानांवरची छिद्रं रात्री उघडतात, तेव्हा पानं ओली असली तर त्यांना कार्बन डायऑक्साइड नीट मिळत नाही.

पानवेल:
तार काढली. निळी, गुलाबी एअर प्लांट मिळतात, ती तरी कायम रंगीत राहतात का?

खिडकीतली बाग:
अख्खं रोप एकसारखं निळं दिसलं तर तो वरून मारलेला रंग समजा. तो खवल्यांवर बसला की रोपाने पाणी प्यायचं कुठून? मला ती रोपं बघवत नाहीत. खरा रंग हवा तर टिलँडसियाचीच ब्रॅकिकॉलोस ही जात घ्या, फुलताना रोप सगळंच्या सगळं लाल होतं. स्ट्रिक्टा जातीचा तुरा गुलाबी येतो. आणि वर्षभर टिकणारी छटा हवी असेल तर झेरोग्राफिका. तिचा रुपेरीपणा त्या खवल्यांचाच असतो, फुलण्यावर अवलंबून नसतो.