मदत हवी आहे: व्हीलचेअरवरील व्यक्तीच्या घशात घास अडकल्यास काय करावे?

माझे वडील ७८ वर्षांचे असून पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर असतात. परवा भाकरीचा घास अडकला. खोकला येईना, आवाज फुटेना, ओठ निळसर पडू लागले. त्यांना पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर जोरात थापा मारल्या, तेव्हा चौथ्या थापेला घास बाहेर पडला. डॉक्टरांनी तपासून आता मऊ अन्न सांगितले आहे.

पाच थापांनी घास न निघाल्यास बेंबीच्या वर पाच वेळा दाब द्यायचा आणि शुद्ध हरपल्यास १०८ ला फोन करून, जमिनीवर उताणे निजवून छातीवर ३० दाब व २ श्वास सुरू करायचे, हे मला ठाऊक आहे. मात्र खुर्चीची पाठ उंच असल्याने मागून माझे हात त्यांच्या पोटाभोवती पोहोचत नाहीत, हे मी नंतर, दाब न देता, पडताळून पाहिले. त्यांचे वजन ८५ किलो आहे आणि दिवसा घरी मी एकटीच असते.

अशा वेळी पोटाऐवजी छातीवर दाब द्यावा का, आणि शुद्ध हरपल्यास एकटीने त्यांना इजा न होता झटपट जमिनीवर कसे घ्यावे?