साइट अ‍ॅक्सेसिबल (अपंगांनाही वापरता येईल अशी) आहे हे टूल ठरवणार की अंध टेस्टर?

हिंजवडीकर: आमच्याकडे रिलीजच्या आदल्या दिवशी लाइटहाऊस (गूगलचं साइट तपासायचं टूल) चालवतात, 100 पैकी 100 आले की स्क्रीनशॉट क्लायंटला, विषय संपला. हा स्कोअर म्हणजे पीयूसी झाली, ब्रेक लागतात का ते त्यात कळत नाही. फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) आहे एवढं टूल बघतं, ते बरोबर आहे का ते नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) फुकट मिळतो, पण रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाने टेस्ट केल्याशिवाय साइट लाइव्ह जाऊच नये, आणि त्याला त्याचे पैसे द्या, समाजसेवा म्हणून बोलवू नका.

कोथरूड_फ्रीलान्सर: कंपनीत बसून बोलायला सोपंय. माझा क्लायंट सदाशिव पेठेतला क्लासवाला, होस्टिंगच्या पैशावरून पण घासाघीस करतो, त्याला टेस्टरचं बिल कुठल्या तोंडाने लावू? टूलमुळे निदान अक्षरं आणि मागच्या रंगातला कॉन्ट्रास्ट 4.5:1 च्या खाली गेला, फॉर्मच्या रकान्याचं लेबल राहिलं हे तरी सापडतं. तेवढंही इथे कोण करतंय?

टॉकबॅकवाला: मी पूर्ण अंध. कॉन्ट्रास्ट हा कमी दिसणाऱ्यांसाठी महत्त्वाचा, मला त्याचं काय. मला काय ऐकू येतं सांगू? 'बटन, बटन, बटन', कसलं ते नाही. पुढे कॅप्चा, त्याला ऑडिओ नाही. ओटीपी चुकला की वर लाल अक्षरात एरर येते म्हणे, स्क्रीन रीडर गप्प, मी आपला तेच बटन दाबत बसतो. आणि मराठी परिपत्रकं तर विचारूच नका, जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधली पीडीएफ, दिसायला शुद्ध मराठी, ऐकायला नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. लाइटहाऊस ती पीडीएफ उघडून तरी बघतं का?

कोथरूड_फ्रीलान्सर: नाही बघत, मान्य. पण मग सरकार आणि बँकांना सक्ती करा ना, छोट्यांच्या मागे कशाला?

हिंजवडीकर: बँकांना झालीच आहे. केवायसीत डोळे मिचकावा म्हणतात, ते अ‍ॅसिड हल्ल्यातल्या आणि अंध लोकांना कसं जमणार, त्यावरून केस होती. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने ठराविक काळाने ऑडिट करा आणि टेस्टिंगमध्ये अंध व्यक्तींना घ्या असं सांगितलं. म्हणजे टूल पुरे नाही हे कोर्टानेच म्हटल्यासारखं आहे.

कोथरूड_फ्रीलान्सर: म्हटल्यासारखं! आणि तेही बँकांपुरतं. क्लासवाल्याला हे वाचून दाखवलं तर तो दुसरा डेव्हलपर बघेल.

टॉकबॅकवाला: अरे, क्लासची फी आमच्यासारखे पालकच भरतात ना? अख्खी साइट राहू दे. अ‍ॅडमिशन फॉर्म आणि पेमेंट, एवढंच एका अंध माणसाकडून तपासून घे आणि तासाचे पैसे कोटेशनमध्येच धर, वेगळं बिल लावूच नकोस.

कोथरूड_फ्रीलान्सर: फॉर्मपुरतं जमेल. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) तिसऱ्याच कंपनीचा, तिथलं बटन मी कसं दुरुस्त करू ते सांगा.