लसूणघासाच्या जुन्या वावरात रब्बी मका: नांगर लावायचा की नाही?

पेंच_कालवा (पारशिवनी)
तीन-चार वर्षांचा, विरळ झालेला लसूणघास (पुन्हा पुन्हा कापता येणारं बहुवर्षीय चारापीक) मोडून मका घ्यायचा असेल तर नांगर लावू नये, असं माझं ठाम मत आहे. घासाची सोटमुळं खोल गेलेली असतात. ती कुजली की राहिलेल्या भोकांतून मक्याची मुळं आणि ओलिताचं पाणी दोन्ही सरळ खाली उतरतं. नांगराने आधी हीच भोकं मोडतात.

दुसरं कारण अमरवेल, म्हणजे घासावर जगणारं परजीवी तण. जुन्या घासात तिचं बी पडलेलंच असतं आणि ते वर्षानुवर्षं जिवंत राहतं. मक्यावर ती जगत नाही. बी वरच राहिलं तर उगवून उपाशी मरतं. पुरलं तर पुढच्या नांगरटीत पुन्हा वर येतं.

सप्टेंबरअखेर शेवटची कापणी करा, पण लगेच फवारू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. पानच नसेल तर औषध मुळापर्यंत जाणार कुठून? फुटवे १५ सेंमीचे होऊ द्या, मग २,४-डी अमाईन ५८ टक्के (रुंद पानांची झाडं मारणारं तणनाशक), लेबलवरच्या मात्रेत, एकरी २०० लिटर पाण्यातून मारा. त्यानंतर निदान आठवडाभर थांबा. १० नोव्हेंबरच्या आत पेरणी उरका: ६० × २० सेंमी, एकरी ८ किलो संकरित बियाणं, ५ सेंमी खोल. सोबत डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) ५० किलो. झिंक सल्फेट १० किलो द्यायचं ते शेणखतातून वेगळं द्या. डीएपीत मिसळलं तर स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात.

काळी_माती (कळमेश्वर)
भाऊ, हे मध्यम जमिनीत जमेल. आमच्या भारी काळ्या रानात बिननांगरटीची चीर (बी टाकायची फट) ओलीत पाडली की फणाने तिच्या भिंती लिंपल्या जातात. आठ-दहा दिवसांत रान सुकलं की तीच चीर उघडते, बी उघडं पडतं, मोड वाळतो. शिवाय जुन्या घासात हराळी (काड्यांपासून पसरणारं चिवट गवत) घुसलेली असते, तिला २,४-डीने काही होत नाही. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून ढेकळं ४५ अंशांच्या उन्हात पडू दिली की हराळीच्या काड्या, हुमणी (मुळं खाणारी मातीतली अळी) आणि घासाचे बुडखे एकदमच वाळतात. लष्करी अळीचे कोषही उघडे पडतात. २०१८ पासून ही अळी मक्याच्या मागे लागली आहे, तो विचार तुमच्या हिशेबात दिसत नाही.

पेंच_कालवा
उन्हाळी नांगरट खरीप मक्यासाठी ठीक, पण मी रब्बीचं बोलतोय. मेमध्ये नांगरलं तर मुळांतलं नत्र जूनच्या पावसात सुटतं आणि हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ते धुऊन नेतो. ऑक्टोबरमध्ये मक्याच्या वाट्याला काय उरलं? घास ऑक्टोबरपर्यंत उभा ठेवला तर चाऱ्याच्या कापण्या मिळतात, नत्रही मक्याच्या वाढीबरोबर हळूहळू सुटतं. म्हणून शिफारशीतला युरिया निदान निम्म्यावर आणा. खालच्या पानांवर शेंड्याकडून मधल्या शिरेने उलट्या व्हीसारखा पिवळेपणा आला तरच वाढवा. हिरवा चारा कापणार असाल तर जास्त युरिया धोक्याचाच, ताणावर आलेल्या मक्यात नायट्रेट साठून जनावराला विषबाधा होते.

चिरेचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं. घासाने खालची ओल शोषलेली असते, म्हणून आधी रान भरपूर ओलवा आणि पक्क्या वाफशावरच (ओल आहे पण चिखल नाही, अशा वेळीच) पेरा. मूठभर माती दाबून बोटाने टिचकी मारा. फुटली तर पेरा, चिकटून राहिली तर थांबा.

संत्रा_पट्टा (काटोल)
दोघंही शेजाऱ्याचा धुरा (बांध) विसरलात. ऑक्टोबरात बाजूला पऱ्हाटी (कपाशी) बोंडांवर उभी असते, हरभरा उगवत असतो. २,४-डीचा नुसता झोत गेला तरी पऱ्हाटीचं पान बेडकाच्या पायासारखं आखडतं. एस्टर प्रकार तर उन्हात वाफ होऊन नंतरही सरकतो, त्याला हातच लावू नका. अमाईन असलं तरी सकाळचा वारा पाहूनच, जाड थेंबाच्या नोझलने मारा, आणि फवारणीचा पंप पऱ्हाटीसाठी पुन्हा वापरू नका. धुऱ्यापलीकडे पऱ्हाटी असेल तर माझं मत सरळ नांगराच्या बाजूने.

ग्लायफोसेट हे तणनाशक कोणी सुचवण्याआधीच सांगतो: त्याचं लेबल चहा आणि बिगरपीक जागेचं आहे, ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वापरावर आणखी बंधन घातलंय, आणि जुना लसूणघास त्या एकट्याने पुरता मरतही नाही.

अवजार_बँक (मौदा)
यंत्राचंही बघा. जिवंत, कडक बुडख्यावर पेरणीयंत्राची तबकडी चढते, खाली उतरते. एक दाणा ५ सेंमीवर, पुढचा दीडवर, मग उगवण मागेपुढे. फणाचं यंत्र असेल तर बुडखे उपटून फणात अडकतात. म्हणून पेरणीआधी दहा ठिकाणी खणून बुडखा चाकूने उभा चिरा. आत पांढरा, टणक, ओला असेल तर तो जिवंत. तपकिरी, धागेदार झाला तरच यंत्र लावा. उंदरांची बिळंही संध्याकाळी बुजवून सकाळी पहा. जुन्या घासात त्यांची वस्ती असतेच, आणि ओळीतलं बी ते दाणा-दाणा उकरून नेतात.

दुभती_जनावरं (हिंगणा)
पण चाऱ्यासाठीच मका असेल तर घास मारायचाच कशाला? आफ्रिकन टॉल हे चाऱ्याच्या मक्याचं वाण एकरी ३० किलो, ३० सेंमीवर दाट पेरा. मधून फुटलेला घास मक्यासोबत कापला जाईल, प्रथिनं फुकटात.

पेंच_कालवा
दादा, कागदावर छान. पण प्रत्येक पाण्याला आधी घास फुटतो. मका दोन पानांवर असताना तो वीतभर होतो आणि ओल तोच पितो. बुडखे अगदी तुरळक असतील तरच हे करा. मुरघास (आंबवून साठवलेला चारा) करायचा तर मुळीच नको: ओल्या लसूणघासाचं प्रमाण वाढलं की आंबवण बिघडतं.

काळी_माती
माझी अट एकच: हराळी धुऱ्यावरून आत चार-पाच हात आली असेल तर तेवढा पट्टा तरी आधी नांगरा. बाकी रान तुमच्या पद्धतीने पेरा. ॲट्राझीन हे मक्यातलं तणनाशक मात्र पेरणीनंतर लगेच आणि उगवणीआधी, हलक्या रानात मात्रा कमी, आणि पुढच्या खरिपात तिथे सोयाबीन असेल तर आत्ताच हात आखडता घ्या, जमिनीत उरलेलं औषध त्याला बाधतं.