राजापूरची गंगा: सायफन पटत असूनही स्नानाला जावे काय?

खाडीकाठ (धागाकर्ता):
राजापूरजवळ उन्हाळे येथे साधारण तीन वर्षांनी गंगा येते, म्हणजे जमिनीतून झरा फुटतो, चौदा कुंडे भरतात आणि काही काळ वाहून ती पुन्हा जाते; अलीकडे मात्र हे वेळापत्रक विस्कटले असून ती भर पावसातही अवतरली आहे. भूगर्भातील पोकळीत पाणी साचत जाते, वाकड्या फटीच्या माथ्यापर्यंत पातळी पोचली की सायफन सुरू होतो, म्हणजे माथा ओलांडलेले पाणी मागचे पाणीही खेचून नेते, आणि पातळी पुरेशी उतरेपर्यंत पाणी वाहत राहते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटते, आणि तरीही गंगा आली की मी स्नानाला जातो. यात दुटप्पीपणा आहे असे मला वाटत नाही. पाणी कसे आले ते भूशास्त्राने सांगावे. आल्यावर हात जोडावेत की नाही, हे त्याला विचारण्याचे कारण नाही. मात्र तपासून खोटा ठरेल असा दावा श्रद्धेने करू नये. हे पाणी थेट काशीहून येते किंवा त्याने त्वचारोग बरे होतात, असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यायलाच हवा.

जांभा:
सारे दावे काढून घेतल्यावर उरते काय? आमची आजी ‘गंगामाई आली’ म्हणत असे तेव्हा कोणीतरी खरोखर आले आहे, असेच तिला म्हणायचे असे. तुम्ही तिच्या देवीला घरात ठेवता, पण बोलू देत नाही. शिवाय सायफनवरचा आपला विश्वास तरी कोणत्या प्रतीचा आहे? इथे चर्चा करणाऱ्यांपैकी कोणी ती पोकळी पाहिली आहे, त्या फटीची उंची मोजली आहे? शाळेच्या पुस्तकातली आकृती आठवून आपण समाधान मानतो.

सड्यावरून:
‘जांभा’ यांचा दुसरा आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. सायफनची कल्पना चुकीची ठरू शकते, हीच तिची लायकी. आसपासच्या विहिरींची पातळी दरमहा नोंदवावी, गंगेच्या तारखा पर्जन्यमानाशी ताडून पाहाव्यात, पाण्यातील ट्रिटियमवरून (हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपावरून) ते पाऊस म्हणून साधारण केव्हा पडले असेल याचा अंदाज घ्यावा. नोंदी जुळल्या नाहीत तर सायफन सोडून द्यावा. याउलट देवीच्या कृपेने गंगा लवकर आली आणि कोपाने लांबली, या मांडणीला कोणती तारीख अडचणीत आणील?

धागाकर्त्यांशीही माझा मतभेद आहे. १९७६ साली घटनेत आलेला अनुच्छेद ५१क वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानतो, आणि ते काठावर चपला काढताना उतरवून ठेवता येत नाही. तुमच्यासारखा सुशिक्षित माणूस डुबकी मारतो तेव्हा शेजारचा त्याचा अर्थ ‘यांनाही पटले’ असाच घेतो. तुमच्या मनातली अट त्याला दिसत नाही.

माहेरवाशीण:
शेजाऱ्याने काय अर्थ घेतला याचा हिशेब मागू लागलो तर कोणालाच देवळात जाता येणार नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही यात्रा आणि प्रदक्षिणा बाहेर ठेवल्या. त्याचा रोख फसवणुकीवर आणि अघोरी प्रथांवर आहे. मला खटकते ते वेगळेच. शेकडो माणसे ज्यात उतरतात तेच पाणी बाटलीत भरून घरी नेतात आणि तीर्थ म्हणून लहान मुलांना पाजतात. पोकळी सापडो न सापडो, या पाण्याची जिवाणूतपासणी तर आजही करता येते. ती करून निकाल प्रत्येक कुंडावर लावला पाहिजे, आणि ही मागणी सर्वांत आधी भक्तांनी केली पाहिजे.

खाडीकाठ:
मान्य. ‘सड्यावरून’ यांच्या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच की, मनातली अट काठावरही बोलून दाखवावी लागेल. ते अवघड आहे, विशेषतः नातेवाईक सोबत असताना.

जांभा:
फलकाला माझीही हरकत नाही. त्यावर ‘पाणी पिण्यास अयोग्य’ असे खुशाल लिहा. मात्र ‘ही गंगा नव्हे’ असे लिहू नका, कारण ते प्रयोगशाळेने तपासलेले नसेल.