वस्तीत एचआयव्ही टेस्ट ठीक, पण पुढे एआरटी सेंटरपर्यंत सोबत कोण जाणार?

कुर्लेकर:
गे आणि बायसेक्शुअल मुलांसाठी संध्याकाळी, वस्तीजवळ टेस्टची सोय वाढलीच पाहिजे. पण जो टेस्ट करतो त्यानेच मुलाला एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या, दारापर्यंत न्यावं. माझ्या मित्राची टेस्ट अशाच शिबिरात झाली. बोटातून थेंबभर रक्त, वीस मिनिटांत निकाल, रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे लागण असू शकते. हातात चिठ्ठी दिली, "उद्या सकाळी आयसीटीसीत जा." आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाचं सरकारी केंद्र. मित्र 23 वर्षांचा, मॉलमध्ये सकाळच्या शिफ्टला. तो 'उद्या' चार महिन्यांनी उजाडला. 2017 पासून सीडी-4 (रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा) कितीही असो, सरकारी सेंटरमध्ये गोळ्या लगेच आणि फुकट सुरू होतात. तरी चार महिने गेले.

लॅबवाला:
तळमळ कळते, पण वस्तीतली टेस्ट मला पटत नाही. मी दहा वर्षं आयसीटीसीत काम केलंय. एका किटवर रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. आम्ही तीन वेगवेगळ्या किटवर तपासल्याशिवाय तसा रिपोर्ट देत नाही. मधल्या रात्री त्या पोराने जिवाचं काही बरंवाईट केलं तर? आणि लागण नुकतीच झाली असेल तर निकाल निगेटिव्ह येतो, पोरगा निर्धास्त होतो. हे नीट समजावणारा काउन्सेलर हॉस्पिटलात बसलेला असतो.

कुर्लेकर:
दादा, काउन्सेलर तिथे आहे, मुलगा तिथे नाही. केसपेपरच्या रांगेतच अर्धा दिवस जातो, खाडा पडतो. आणि खरी अडचण तर पुढेच होती. दहा बाय बाराच्या खोलीत आई, वडील, बहीण. गोळ्यांची बाटली ठेवायची कुठे? शेवटी त्याने ती कामावरच्या लॉकरमध्ये ठेवली. हे त्याला चिठ्ठीने सुचवलं नव्हतं, मी शेजारी बसलो होतो म्हणून सुचलं.

पाऊसवेडा:
मी बायसेक्शुअल आहे आणि मला 'सोबत' हीच भीती वाटते. टेस्ट करणारा पोरगा आपल्यातलाच असतो, रात्री डेटिंग अ‍ॅपवर त्याचाच फोटो समोर येतो. मुंबई मोठी, आपलं वर्तुळ टीचभर. मी दादरला राहतो आणि टेस्टसाठी ठाण्याला जातो. सोबत माणूस सक्तीचा केलात तर मी टेस्टच करणार नाही.

कुर्लेकर:
सक्ती नको, माझं वाक्य मागे घेतो. विचारावं आणि 'नाही' म्हटलं तर ऐकावं. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यात काही अपवाद सोडले तर संमतीशिवाय टेस्ट नाही आणि संमतीशिवाय कुणाची माहिती फोडताही येत नाही.

पाऊसवेडा:
कायदा कट्ट्यावरची कुजबुज थांबवत नाही.

लॅबवाला:
हे खरं आहे. पण एक कबूल करतो. आमच्याकडे जे कुणाला तरी घेऊन यायचे, मग तो मित्र असो की संस्थेचा माणूस, ते दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या न्यायलाही यायचे. एकटे आलेले त्यामानाने जास्त गळायचे, म्हणजे गोळ्या मधेच सोडायचे. आणि रोज गोळी घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला, तसाच राहिला, की संभोगातून तो जोडीदाराला जात नाही. म्हणून गळणं परवडत नाही. वस्तीतल्या टेस्टबद्दल माझी शंका मात्र तशीच आहे. तीन किटची तपासणी दुसऱ्या दिवशीच होणार असेल तरच माझा होकार.

पाऊसवेडा:
माझीही अट सांगतो. सोबतीला माणूस नको, दुसऱ्या भागातल्या अनोळखी काउन्सेलरचा फोन चालेल, तोही रात्री नऊनंतर, कारण तोवर मी लोकलमध्ये असतो. एवढं होणार असेल तर तीन महिन्यांनी माझी पुढची टेस्ट आहे, ती वस्तीतल्या शिबिरात करेन.