बोलता बोलता थांबणारे पाय

वृद्धांचा तोल सुधारावा म्हणून डोक्यावरून मेंदूला सौम्य वीज देण्याचा एक उपचार (tDCS) अजमावला जातो. त्यावर कुणी विचारतं, "तोल म्हणजे पाय आणि कान, मग मेंदूला वीज कशाला?" वय झालं की चालणं आपोआप होत नाही, त्यासाठी लक्ष खर्ची पडतं. 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक साधं निरीक्षण मांडलं होतं: चालताना कुणी बोलायला लागलं की जे वृद्ध थबकतात, ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. मला तर हे फार मोलाचं वाटतं, कारण यंत्राशिवाय घरीही लक्षात येतं.

म्हणूनच या उपचारात कपाळामागचा डावा भाग निवडतात. लक्ष वाटून देण्याचं काम त्याच्याकडे असतं. ओल्या स्पंजच्या इलेक्ट्रोडमधून साधारण 2 मिलिअँपिअर प्रवाह वीसेक मिनिटं सोडतात. तेवढ्याने मेंदूच्या पेशी थेट संदेश सोडत नाहीत, फक्त सोडायला थोड्या जास्त तयार होतात. त्वचेला मुंग्या येतात, लालसरपणा येतो. काही छोट्या प्रयोगांत चालता चालता आकडेमोड करताना तोल सुधारलेला दिसला. पण प्रयोगशाळेत डोलणं कमी होणं वेगळं आणि घरात पडणं कमी होणं वेगळं.

कृपा करून ऑनलाइन यंत्र मागवून घरी प्रयोग करू नका, विशेषतः फिट्स येत असतील किंवा डोक्यात धातू बसवलेला असेल तर. व्यायामाचा पुरावा मात्र भक्कम आहे: 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. झोपेच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो, त्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या.